राहून गेलेला शुक्रवार

मंगळवारी सकाळी यान्या पुल्यिच आपल्याच गावात प्रवासी बनून हिंडायला निघाली.

डोक्याला नातीची रुंद काठाची गवती टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात नवऱ्याचा जुना कॅमेरा. कॅमेऱ्यात रोल नव्हता. पायात लेकीने जर्मनीहून पाठवलेले पांढरेशुभ्र बूट. मोस्तारमध्ये तिच्या वयाची, म्हणजे सत्तरी ओलांडलेली, कुठलीही बाई असले बूट घालून चारचौघांत जाणार नाही, म्हणून ते दोन वर्षं खोक्यातच पडून होते. ती आरशासमोर उभी राहिली तर समोर एक अनोळखी म्हातारी. ते बघून तिला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

जिन्यावरून ती दोनदा परत आली. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, एकदा खिडकी. दोन्ही बंदच होतं. मग ती पुढच्या दाराने न जाता मागच्या दाराने, कचऱ्याच्या पेट्यांमधून वाट काढत रस्त्याला लागली. पुढच्या दाराशी बाकावर इमारतीतल्या बायका सकाळपासून ठाण मांडून असतात, आणि त्यांच्यातल्या काताला तर कोण कुठे निघालं हे कळल्याशिवाय घास गिळत नाही.

जायचं होतं नदीपलीकडे. रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाची वाट. पण तीस वर्षांत यान्या त्या वाटेने गेली नव्हती.

मोस्तार नेरेत्वा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं. लढाईच्या दिवसांत गावाच्या मधोमध रेघ पडली. बहुतेक कॅथलिक पश्चिमेला राहिले, बहुतेक मुसलमान पूर्वेला. लढाई संपली. पडलेला जुना पूल होता तसा पुन्हा बांधला गेला. आता लोक खुशाल येतात-जातात. इकडचे तिकडे दात करून घ्यायला जातात, तिकडचे इकडे खरेदीला येतात. कुणी कुणाला अडवत नाही. तरीसुद्धा यान्या गेली नाही. आधी जाता येत नव्हतं, मग भीती वाटत होती, आणि भीती गेली तोवर न जाण्याची सवय झाली. आता शनिवारी पहाटे लेक तिला कायमची जर्मनीला घेऊन जाणार होती. घर विकून झालं होतं. लेक बुधवारी गाडी घेऊन पोहोचणार. तेव्हा जायचं तर आज.

तिला एका बाईला बघायचं होतं. बोलायचं नव्हतं. नुसतं लांबून बघायचं, जिवंत आहे ना, हिंडती-फिरती आहे ना, आणि परत फिरायचं. असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

त्या बाईचं नाव झुम्रा. यान्या डोंगरातल्या खेड्यातून लग्न होऊन आली, ती थेट झुम्राच्या शेजारी. पूर्वेच्या काठावर, मशिदीच्या मागच्या उतारावर, दोन घरांमध्ये एकच भिंत. यान्या तंबाखूच्या कारखान्यात पानं निवडायला जायची. दुपारी तळहात काळे करून घरी आली, हात घासून झाले, की चार वाजता कॉफी. त्या कॉफीचे वार ठरलेले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार झुम्राने यान्याकडे यायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवारी यान्याने झुम्राकडे जायचं. रविवारी सुट्टी. हे कुणी ठरवलं ते दोघींनाही आठवत नसे, पण वीस वर्षं त्यात खंड पडला नाही. यान्याला दियाना झाली तो बुधवार होता, तेव्हा झुम्रा कॉफीचं भांडं घेऊन दवाखान्यात हजर झाली आणि नर्सशी भांडली.

मग लढाई भडकली. एका गुरुवारी यान्याने नेहमीप्रमाणे झुम्राकडे कॉफी घेतली. शुक्रवारी पहाटे तिचा नवरा ब्लाझ कुठून तरी ट्रक घेऊन आला. चार दिवसांसाठी पलीकडे जाऊ, म्हणाला. भांडीकुंडी तशीच ठेवून ते निघाले. झुम्राच्या खिडकीवर पडदा होता. तिला उठवायला वेळ नव्हता.

त्यानंतर यान्याच्या मनात एक हिशेब पक्का बसला. गुरुवारचा वार तिने पाळला होता. पुढचा शुक्रवार, तो झुम्राचा. नवीन घराचा पत्ता काही गुपित नव्हतं, फोनच्या पुस्तकात नाव होतं. आणि रीतही तीच आहे. माणूस नव्या घरात गेलं की जुन्या शेजारणीने कॉफी-साखर घेऊन घर बघायला यायचं. मग झुम्रा का आली नाही? ब्लाझ म्हणायचा, "अगं, जाऊन ये एकदा." यान्या म्हणायची, "वार तिचा आहे." ब्लाझ जाऊन सहा वर्षं झाली. वार अजून झुम्राचाच होता.

लढाईत जी रेघ होती तो हमरस्ता ओलांडताना यान्याची पावलं आपोआप जलद झाली. पुढे जुन्या बाजाराच्या तोंडाशी इटलीच्या प्रवाशांचा एक घोळका उभा होता. ती त्यांच्या शेपटाला चिकटली. वाटाड्या बाई पिवळी छत्री उंच धरून बोलत होती आणि मधूनमधून माणसं मोजत होती. मोजणी पुन्हा पुन्हा चुकायला लागली तसा तिचा आवाज चढला. यान्याने एका तांब्याच्या दुकानात शिरून जीव सोडवला. तिथे दुकानदार इंग्रजीत मागे लागला, म्हणून ती पुन्हा बाहेर.

पुलावर तिला थांबायचं नव्हतं, पण गर्दीने थांबवलं. कठड्यावर पोहण्याच्या चड्डीतला एक पोरगा नदीत उडी मारायच्या तयारीत उभा होता आणि त्याचा जोडीदार टोपी फिरवत होता. पुरेसे पैसे जमल्याखेरीज उडी नाही. त्याने यान्याकडे आधी इंग्रजीत, मग जर्मनमध्ये, मग इटालियनमध्ये पैसे मागितले. ती गप्प.

"बहिरी आहे की कंजूष?" कठड्यावरच्या पोराने विचारलं.

"दोन्ही," जोडीदार म्हणाला. "बूट बघ ना. जर्मन आहे."

"मग पुढच्यांना विचार. जर्मन लोक पैसे उडी बघून झाल्यावर देतात, तेही पावती मागून."

यान्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तुझा बाप याच पुलावरून फुकट उड्या मारायचा, असं काहीसं. ते तिने गिळलं. खाली नदी तशीच हिरवी होती, वर पुलाचे दगड मात्र फार स्वच्छ वाटत होते. तिने रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला आणि एक खटका दाबला, कारण सगळे दाबत होते.

पलीकडच्या काठावर पोचल्यावर तिने पहिलं काय केलं, तर भिंतीवरचे मृत्यूचे कागद वाचले. या गावात माणूस गेलं की त्याचा फोटो आणि नाव छापून भिंतीवर, झाडावर लावतात. कॅथलिकांच्या कागदाला काळी चौकट, मुसलमानांच्या कागदाला हिरवी. हिरव्या चौकटी तिने एकेक करून वाचल्या. कारखान्यातला एक मुकादम गेला होता. झुम्रा नव्हती. तिने श्वास सोडला, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे कागद तर ताजे आहेत. जुने केव्हाच पावसात वाहून गेले असतील.

आता तिला सरळ उतारावर चढायचं होतं, पण पाय तिकडे वळेनात. ती तिकीट काढून मशिदीच्या आवारात गेली. वीस वर्षं या मशिदीच्या सावलीत कपडे वाळत घातले होते, आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. आतला रंग, घुमट, नक्षी तिने बघितली आणि काहीही बघितलं नाही. एका बाकावर बसली, उठली, दुसऱ्या बाकावर बसली. तिथून निघून एका जुन्या घराचं संग्रहालय बघितलं. तिथे काचेच्या कपाटात कणीक लाटायचं लांब लाटणं ठेवलं होतं. तसलं लाटणं तिच्या घरी अजून वापरात होतं, म्हणजे परवापर्यंत होतं. मग सरबत घेतलं आणि अर्धं टाकलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिला कळलं की बघण्यासारखं आता काही उरलं नाही.

ती उतार चढली. चढणीचे दगड पूर्वीसारखेच गुळगुळीत होते. तिच्या जुन्या घराला प्लास्टिकच्या खिडक्या बसल्या होत्या आणि दारात कुणाची तरी मोटरसायकल होती. त्याकडे तिने फार वेळ बघितलं नाही. शेजारचं फाटक उघडं होतं. फाटकावर पाटी होती: झुम्राची बाग, कॉफी आणि खोल्या.

लांबून बघायचं ठरलं होतं. पण पाटी लावलेल्या बागेत कुणीही जाऊन बसू शकतं. यान्या आत गेली आणि डाळिंबाच्या झाडाखाली, फाटकाला सर्वांत जवळच्या टेबलावर, खुर्चीच्या कडेवर बसली.

चाळिशीची एक बाई पुसणं हातात घेऊन आली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. ही झुम्राच्या मुलाची, सेनादची बायको असणार. सेनाद तेव्हा शाळेत होता, गुडघे कायम फुटलेले. यान्याने शेजारच्या टेबलावरच्या कॉफीकडे बोट दाखवलं. बाईने मान डोलावली.

स्वयंपाकघराची खिडकी बागेकडे उघडी होती. आतून आवाज आला आणि यान्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"एल्मा, कोण आलंय गं?"

"एकटीच आहे, आई. परदेशी."

"एकटी? या वयात? हिला घरी कुणी नाही का?"

"फिरायला येतात अशा. पैसेवाल्या असतात."

"पैसेवाली असती तर डोक्यावर दिव्याचं झाकण घेऊन फिरली नसती. आणि ते बूट बघितलेस? दवाखान्यातून पळून आल्यासारखे."

"आई, हळू. ऐकू जाईल."

"ऐकू दे. तिला काय कळतंय. आधी पाणी दे तिला, टोमॅटोसारखी लाल झालीय. इथे काही झालं तर पोलीस माझ्या दारात."

आवाज म्हातारा झाला होता, जरा घोगरा, पण धार तीच. यान्याला हसूही येत होतं आणि उठून पळावंसंही वाटत होतं. पाणी आलं, ते तिने एका दमात संपवलं. मग कॉफी आली: तांब्याचं ताट, त्यात लांब दांड्याचं छोटं भांडं, बिनकानाचा चिमुकला कप, साखरेचे दोन खडे. आत खिडकीशी दोघी उभ्या राहिल्याचं तिला काळ्या चष्म्याआडून दिसत होतं. परदेशी माणूस कॉफी कशी पितो हे बघणं ही त्यांची रोजची करमणूक असणार.

"आता बघ," झुम्रा म्हणाली. "साखर भांड्यातच टाकेल आणि ढवळेल. परवाच्या त्या फ्रेंच बाईने तर सगळा गाळ खाल्ला चमच्याने."

"ही तशी नाही वाटत."

"सगळ्या तशाच. लाव पैज, दोन मार्कांच्या नाण्याची."

"तुम्ही हरलात की देत नाही, आई."

झुम्रा हसली. हसता हसता तिला ढास लागली. तिला पूर्वीपासून हसताना ढास लागे, आणि त्या ढासेला यान्याचा हात पाठ थोपटायला पुढे होई. यान्या ती ढास ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या हातांनी त्यांचं काम करून टाकलं. चमच्याने भांड्यातला फेस उचलून आधी कपात सोडला. त्यावर हळूच कॉफी ओतली. साखरेच्या खड्याचा एक कोपरा कॉफीत बुडवला, ओला कोपरा दातांनी तोडला, जिभेखाली धरला आणि वरून घोट घेतला.

खिडकीतली ढास थांबली. यान्याला आपण काय केलं ते कळलं तेव्हा उरलेला खडा बोटांतच होता. तो खाली ठेवावा की खावा, हेही तिला सुचेना.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. झुम्रा बाहेर आली. एका गुडघ्याने लंगडत, हातात शेंगांची परात. यान्याकडे तिने बघितलंही नाही. शेजारच्या टेबलाशी बसली, परात मांडीवर घेतली आणि शेंगांच्या शिरा काढू लागली.

"एल्मा, ये बस इथे."

"आई, वरच्या खोल्यांच्या चादरी काढायच्यात."

"चादरींना पाय फुटत नाहीत. बस. तुला सांगितलं होतं का, भिंतीपलीकडच्या घरात पूर्वी कोण राहायचं?"

"कितीदा."

"मग अजून एकदा ऐक. यान्या राहायची. जिभेला हाड म्हणून नव्हतं. कॉफीला बसली की साऱ्या आळीची झडती. आणि स्वयंपाक म्हणशील तर विचारू नकोस. भाजीची पोळी करायची, तर पापुद्रा इतका जाड की मोच्याने त्याचे जोडे शिवावेत. आम्ही खायचो, शेजारधर्म म्हणून."

टोपीखाली यान्याचे कान तापले. तिच्या पापुद्र्यातून वर्तमानपत्र वाचता यायचं. हे ब्लाझची आईसुद्धा कबूल करायची.

"बरं, तेही चालवून घेतलं," झुम्रा शेंग मोडत म्हणाली. "पण एक दिवस वार चुकवून पळाली ती पळालीच."

"वार तुझा होता," यान्या म्हणाली.

एल्माने तोंडावर हात ठेवला. झुम्राने मान वर केली नाही.

"बघ एल्मा, परदेशी बाईला आपली भाषा येते."

"शुक्रवार होता तो. सोम, बुध, शुक्र तू यायचंस. गुरुवारी मी येऊन गेले होते. मी नाही चुकवला. तीस वर्षं मी वाट बघतेय तुझ्या शुक्रवारची."

"मी आले होते," झुम्रा म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुझ्या दाराशी. त्याच शुक्रवारी, चार वाजता. हातात ताटली होती, पाकातला केक केला होता आदल्या दिवशी. साखर मिळत नव्हती तेव्हा, सासूच्या डब्यातून चोरली होती." तिने एक शेंग तशीच, शीर न काढता, परातीत टाकली. "दार वाजवलं. वाटलं, झोपली असेल. पुन्हा वाजवलं. खिडकीतून बघितलं तर चूल थंड आणि कप पालथे घातलेले. मग पायरीवर बसले. वाटलं, येईल. आत जाऊन सासूला काय सांगणार होते, की शेजारीण न सांगता गेली?"

यान्याने चष्मा काढला. उन्हाने डोळे दिपले.

"ब्लाझ पहाटे ट्रक घेऊन आला," ती म्हणाली. "चार दिवस म्हणाला."

"बरेच लांबले चार दिवस."

एल्मा एकदा सासूकडे बघत होती, एकदा पाहुणीकडे. परातीतल्या शेंगा संपल्या होत्या तरी झुम्राची बोटं त्यात काहीतरी शोधत होती.

"तेव्हा शुक्रवार माझा झाला," झुम्रा म्हणाली. "मी पाळला. त्यानंतरचा शनिवार तुझा. तो अजून तुझाच आहे."

तीस वर्षं यान्याने जे धरून ठेवलं होतं ते त्याच दिवशी दुपारी चार वाजता फिटलं होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. ती कशीबशी म्हणाली, "मग आज आले ना मी."

तेव्हा झुम्राने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. टोपीपासून बुटांपर्यंत, सावकाश.

"आज? आज एक गिऱ्हाईक आलंय. एल्मा, कॉफीचे पैसे घे."

"आई, अहो..."

"घे म्हणते ना. तोंड लपवून आलेल्या बाईचा वार मी धरत नाही."

ती उठली, परात कमरेवर घेतली आणि लंगडत आत गेली. यान्याने दहा मार्कांची नोट ताटात ठेवली. एल्माने ती उचलली, पण सुटे परत देताना तिचा चेहरा कुणाच्या तरी घरात काहीतरी फोडल्यासारखा झाला होता.

यान्या उतार उतरली, पूल ओलांडला, आणि नकळत पुन्हा पुलावर परत आली. कुठे जायचं ते ठरेना. एका चर्चच्या दाराशी गेली आणि आत न जाता माघारी वळली. घरी पोचली ती पुन्हा मागच्याच दाराने.

बुधवारी दुपारी दियाना आली. गाडीतून खोकी, चिकटपट्टी आणि दोरी उतरवून कामाला लागली. ती बापासारखीच, एकदा हात लावला की काम संपवून मोकळी. यान्याने मात्र मुरंब्याची एकच बरणी तीनदा कागदात गुंडाळली आणि तीनदा सोडली.

"आई, काय चाललंय तुझं?"

"काही नाही."

"बस जरा. मी आल्यापासून बघतेय, या खोलीतून त्या खोलीत. काही हरवलंय का?"

"नाही गं. कप बांधलेस?"

"बांधले. त्या खोक्यात, अगदी तळाशी. आणि कॉफीचं भांडं तू म्हणालीस म्हणून काताला दिलं. तिकडे मशीन आहे माझ्याकडे."

"बरं."

"शनिवारी पाचला निघू. सगळे झोपेत असतील, रस्ता मोकळा मिळेल. निरोपाबिरोपाची रडारड नको."

यान्याने बरणी खाली ठेवली. पुन्हा पहाट, पुन्हा गाडी, पुन्हा लोक झोपेत. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून नदी दिसत नाही, पलीकडच्या मिनारांची टोकं तेवढी दिसतात. वार पाळायचा तर आता उद्याचा गुरुवार तेवढाच उरला होता. आणि झुम्राने दार लावून घेतलं तर? कालसारखे पैसे मागितले तर? एल्मासमोर, गिऱ्हाइकांसमोर? दियाना पाठीमागून काहीतरी विचारत होती. यान्या "हो" म्हणाली. कशाला, ते तिला कळलं नाही. नंतर बघितलं तर खुर्च्या खाली नेल्या होत्या.

गुरुवारी तीन वाजता तिने काळा झगा घातला, रविवारी प्रार्थनेला जाताना घालते तो, आणि रोजचे चपटे जोडे. डोकं उघडंच ठेवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफीचा पुडा आणि साखरेच्या खड्यांचं खोकं आणलं होतं, ते पिशवीत घातलं. दियानाला सांगितलं, "दोन तासांत येते." आणि पुढच्या दाराने बाहेर पडली.

बाकावर सगळ्या होत्या.

"यान्या, नटूनथटून कुठे?" काताने विचारलं.

"पलीकडे."

"पलीकडे म्हणजे? दाताच्या डॉक्टरकडे? माझ्या पुतण्याने तिकडेच केले, निम्म्या पैशात."

"झुम्राकडे. कॉफीला."

एकीने सुईतला दोरा तोडला. काताची नजर पिशवीवर होती.

"कोण झुम्रा?"

"माझी शेजारीण."

"शेजारीण तर मी आहे."

"तू पण आहेस," यान्या म्हणाली आणि चालू लागली. मागे कुजबुज सुरू झाली ती तिला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती. कोपऱ्यानंतर तिने चाल जरा कमी केली, कारण धाप लागली होती.

बागेत दोन टेबलांवर परदेशी माणसं होती. झुम्रा दाराच्या पायरीवर कांदे घेऊन बसली होती. फाटक वाजलं तशी तिने बघितलं. उठली नाही.

"चार वाजून गेले," ती म्हणाली.

"चढ आहे. वय झालं माझं."

"मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. रोज चढते."

यान्याने पिशवी पुढे केली. झुम्राने कॉफीचा पुडा बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला, वास घेतला.

"ही कुठली? तुमच्या बाजूची? पाणचट असते ही."

"नको तर परत दे."

"आणलीस तर राहू दे. एल्मा कॉफीत दूध घालते, तिला चालेल." ती दाराची चौकट धरून उठली. "ये आत. बागेत गिऱ्हाइकं बसतात."

आत स्वयंपाकघर बदललं होतं. नवी कपाटं, मोठा फ्रीज. खिडकीखालची लाकडी बैठक मात्र तीच होती. एल्मा पाणी ठेवून बाहेर गेली. झुम्राने कॉफी केली. यान्याच्या पुड्यातली नाही, आपल्या डब्यातली. पहिला घोट झाला. कोण गेलं, कोण कुठे आहे, कुणाची मुलं किती शिकली, हे सगळं दोघी घाईघाईने बोलत राहिल्या, एकीचं वाक्य दुसरी तोडत. झुम्राचा नवरा लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गेला होता. यान्याला ते माहीत नव्हतं. झुम्राला ब्लाझचं माहीत होतं.

"काळी चौकट वाचली होती," ती म्हणाली. "पुलाच्या तुमच्याकडच्या तोंडाशी. खरेदीला गेले होते तेव्हा."

"आमच्या बाजूला आली होतीस? मग घरी का नाही आलीस?"

"वार तुझा होता."

यान्याने कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. पाय बैठकीखाली एका जागी राहत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर सारखी जात होती, आणि झुम्राने ते बघितलं होतं.

"सांग काय ते. तुला काही सांगायचं असलं की तू अशीच कप नाचवतेस."

"शनिवारी जातेय. दियानाकडे, जर्मनीला. कायमची. पहाटे निघायचं."

झुम्रा भांड्यातली उरलेली कॉफी ओतत होती. तिचा हात थांबला. कॉफी कपाच्या काठावरून ताटात सांडली.

"म्हणून आलीस," ती म्हणाली.

"हो."

"नाहीतर अजून तीस वर्षं बसली असतीस तिथेच."

"तू पण बसली असतीस."

झुम्राने फडका घेतला आणि ताट पुसलं. पुसून झालेलं ताट पुन्हा पुसलं. बाहेर कुणीतरी इंग्रजीत पैसे किती झाले ते विचारत होतं, एल्मा उत्तर देत होती.

"उद्या काय आहे?" झुम्राने विचारलं.

"शुक्रवार."

"तुझ्याकडे लिफ्ट आहे?"

"असून नसल्यासारखी. चौथा मजला आहे. तुझा गुडघा बघ आधी. नको येऊस."

"कधी यायचं ते मला तू सांगू नकोस."

"अगं, घरात काही नाही. कप खोक्याच्या तळाशी गेलेत, भांडं काताला देऊन टाकलं. बसायला खुर्ची नाही. उद्या दुपारी दियाना कपाटं न्यायला माणसं बोलावणार आहे."

"बोलावू दे. कप मी आणीन, भांडं मी आणीन. खुर्ची नसली तर पायरीवर बसू, मला सवय आहे." झुम्राने फडका पिळून नळावर वाळत घातला. "चारला येते. तू फक्त घरात राहा."